एक लांब, दोन आखूड

मी भोसरीच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. माझं काम म्हणजे मोजणं. एका पार्टचं माप तीनदा घेऊन तिन्ही आकडे जुळल्याशिवाय मी सही करत नाही, त्यामुळे शॉप फ्लोअरवर माझ्याविषयी फारसं चांगलं बोललं जात नाही. हे आधी सांगते, कारण या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत, करमणूक म्हणून वाचत आले. पांढरी साडी, उलटे पाय… माझा काडीचा विश्वास नाही. आज स्वतः लिहायला बसलेय ते विश्वास बसला म्हणून नव्हे. एका सकाळचा हिशोब लागत नाही म्हणून.

माझं माहेर पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथलं. वाडीतली पहिली ग्रॅज्युएट मी. महाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं, फर्स्ट क्लास. हे मी कुठेही सांगते आणि सांगताना मला संकोच वाटत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, आंबेनळी घाटात मैलकुली होते. नव्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. बांधकाम खात्याचा रस्त्यावरचा कामगार. घाटाचा एक तुकडा त्याच्या ताब्यात. रस्त्याखालच्या मोऱ्या साफ ठेवायच्या, गटार उपसायचं, पडलेले दगड बाजूला करायचे, खड्ड्यात खडी भरायची. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना तुम्ही ज्या वळणांवर गाडी थांबवून फोटो काढता ना, त्यातली काही वळणं एकोणतीस वर्षं आबांची होती. सुट्टीत त्यांची भाकरी घेऊन मीच जायचे. घाटात ड्रायव्हर लोक भुताखेतांच्या भीतीने नारळ वाहायचे. आबा संध्याकाळी तो नारळ घरी आणायचे आणि आई त्याची चटणी करायची. घाटातल्या भुतांच्या वाट्याचं खोबरं खाऊन मी मोठी झाले, तेव्हा मला त्यांची भीती कुठून वाटणार.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

पावसाळ्यात दरड आली आणि अर्धा रस्ता अडला, की एका वेळी एकाच बाजूची गाडी सोडावी लागते. मग एक माणूस वरच्या वळणावर, एक खालच्या. मध्ये डोंगराचं नाक, त्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत. लाल निशाण काय कामाचं? मोबाईल तेव्हा नव्हते आणि तिथे रेंज आजही नाही. म्हणून या लोकांनी आपापसात हाळीची रीत ठरवली होती. खालून एक लांब हाळी आली की वरच्याने गाड्या थांबवायच्या. वरच्याने ओ द्यायची, म्हणजे तशीच हाळी उलट द्यायची. त्याचा अर्थ, कळलं, थांबवल्या. मग खालचा आपल्या गाड्या वर सोडणार. त्या पार झाल्या की तो दोन आखूड हाळ्या देणार. म्हणजे आता तुझ्या सोड. यातला पक्का नियम असा, की वरून ओ आल्याशिवाय खालचा काहीही करत नाही. ओ नाही म्हणजे वरच्याला ऐकू गेलेलं नाही. मग सगळं जागच्या जागी थांबून राहतं.

खालच्या टोकाला नेहमी आबा असायचे, कारण त्यांचा आवाज मोठा. वर धाकूकाका. मी भाकरी घेऊन गेले की कधीकधी धाकूकाका म्हणायचे, "आज तू दे गो ओ, माझा घसा बसलाय." त्यांचा घसा कधी बसलेला नसायचा. मी द्यायचे. आठ-नऊ वर्षांची असेन. माझ्या आवाजावर एस.टी. थांबायची.

आबांची हाळी कशी होती ते लिहून सांगणं अवघड आहे. खालच्या पट्टीत सुरू व्हायची, बराच वेळ सपाट जायची आणि अगदी शेवटी जराशी वर उचलली जायची… जड घमेलं डोक्यावर चढवताना माणसाचा आवाज होतो तशी. दुसऱ्या कुणाची तशी ऐकली नाही.

दोन वर्षांपूर्वी आबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, घसा ठीक आहे, मेंदूतून शब्दच येत नाहीत. पाय थोडा सुधारला, काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात. आवाज मात्र नाहीच. पाणी हवं असलं तर डाव्या हाताने तांब्याकडे बोट दाखवतात.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की माझ्याकडे आबांचा आवाज कुठेच नाही. जुने फोन धुंडाळले. दर रविवारी ते फोनवर बोलायचे, समोरच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तसं ओरडून, आणि मी फोन कानापासून लांब धरायचे. एकदाही रेकॉर्ड करावं असं सुचलं नाही. माझ्या लग्नाच्या सीडीत ते दोनदा दिसतात. एकदा तर चक्क बोलताना, कुणाला तरी पंगतीला बसा म्हणतायत… पण फोटोग्राफरने वर सनईचं म्युझिक टाकलंय. मी तो तुकडा कितीदा पाहिला असेल. ओठ हलतात. सनई वाजते.

खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मी वाडीला कमी जाऊ लागले होते. नोकरी, मुलाची दहावी, कारणं होती. पण खरं कारण असं की ओट्यावर गप्प बसलेले आबा मला बघवत नव्हते.

सायकलचं वेड मला चाळिशीत लागलं. शनिवार-रविवार सिंहगड, मग लोणावळा, मग मोठ्या टूर. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघींनी पुणे ते गुहागर ठरवलं. मी आणि रश्मी. रश्मी आयटीमधली, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते आणि चढावर मागे टाकते. पहिला दिवस वाईवरून पसरणी घाट चढून महाबळेश्वर. दुसरा दिवस आंबेनळी उतरून पोलादपूर, महाड, पुढे दापोलीच्या दिशेला. वाटेत वाडीला तासभर थांबायचं, असं मी आईला कळवलं होतं. जावं की नाही याचा विचार मात्र रात्रभर चालू होता.

सकाळी साडेसातला निघालो. बॅगांचं ओझं घेऊन आंबेनळी उतरणं म्हणजे मजा नसते. ब्रेक तापतात, बोटं आखडतात, दर तीन-चार वळणांनी थांबावं लागतं. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि दरीतून धुकं वर यायला लागलं. रश्मी फोटो काढत मागे राहिली. मी एकटीच पुढे होते. साधारण नऊची वेळ. पोलादपूर सतरा किलोमीटरचा दगड गेला, म्हणजे आबांचा तुकडा सुरू झाला. मी तो दगड ओळखते. त्याला चुना लावताना मी डबा धरलेला आहे.

त्याच्या पुढच्या वळणावर, उजव्या हाताला कातळ आणि डाव्या हाताला कठडा, तिथे खालून हाळी आली.

एक लांब.

डोक्यात काही विचार यायच्या आत दोन्ही ब्रेक दाबले गेले होते. मागचं चाक थोडं घसरलं. मी एक पाय टेकून उभी राहिले.

पहिली गोष्ट मनात आली ती भीती नव्हती. पहिली गोष्ट आली ती अशी — शेवट वर उचलला गेला होता.

मी वाट बघत राहिले. दोन आखूड येतील, मग निघायचं. धुक्यात पुढचे वीस-पंचवीस फूट दिसत होते. पाच मिनिटं गेली. कसलाच आवाज नाही. पाखरंसुद्धा गप्प होती असं मी म्हणणार नाही, पाखरं ओरडत होती. नेहमीसारखाच घाट होता.

तेवढ्यात रश्मी आली.

"काय झालं ताई, पंक्चर?"

"नाही."

"मग? गुडघा?"

"खालून थांबवलंय."

"कोणी?"

मी म्हटलं, "कामं चालू असतील. थांब जरा."

तीही थांबली. बिचारीने चिक्की काढली, मला दिली. दोन-तीन मिनिटांनी वरून सातारा पासिंगची एक पांढरी गाडी आली, आमच्याकडे बघत बघत बाजूने गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. काही झालं नाही. नुसता तिच्या इंजिनचा आवाज खाली खाली जात राहिला.

"सिग्नल सुटला वाटतं मॅडम," रश्मी म्हणाली. "निघायचं?"

"तू हो पुढे."

"आणि तू?"

"मी नाही निघू शकत गं."

ती माझ्याकडे बघायला लागली. मग ती कठड्यावर बसली आणि बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायला लागली. रस्ता मोकळा होता, गाडी गेलेली डोळ्यांनी पाहिली होती, आणि तरी पेडलवर पाय ठेवायचा म्हटलं तर तो उचलेना. त्या घाटात एकदा थांबवल्यावर दोन आखूड आल्याशिवाय मी आयुष्यात कधी पाऊल टाकलेलं नाही. आणि दुसरं कारणही लिहिते. निघाले असते, तर तो आवाज तिथेच संपला असता.

मग कितीतरी वेळाने माझी चूक माझ्या लक्षात आली.

मी ओ दिलेली नव्हती.

खाली जो कोणी होता, तो माझी वाट बघत होता. ओ नाही म्हणजे वरच्याला ऐकू गेलं नाही. मी वर थांबलेय दोन आखूडसाठी, आणि तो खाली थांबलाय माझ्या ओ साठी. असं आम्ही संध्याकाळपर्यंत उभं राहिलो असतो.

आणि त्याबरोबर महाडचा एस.टी. स्टँड आठवला. तो मी कुणाला आजवर सांगितलेला नाही, नवऱ्यालाही नाही. बी.एस्सी.चा रिझल्ट लागला, पुण्यात नोकरी मिळाली, त्या दिवशी आबा मला पोचवायला आले होते. चवदार तळ्याच्या बाजूला आम्ही वडापाव खाल्ला. ते माझी मार्कशीट स्वतःच्या हातात धरून बसले होते, तेलाचं बोट लागू नये म्हणून कडेला धरून. माझ्याच वर्गातली दोन मुलं, महाडच्या चांगल्या घरातली, त्याच गाडीला होती. मी खिडकीत बसले. गाडी हलली आणि आबांनी भर स्टँडवर, शे-दोनशे माणसांत, दोन आखूड हाळ्या दिल्या. सोड. पूर्ण आवाजात. माणसं वळून बघायला लागली. मागच्या सीटवरचा मुलगा म्हणाला, "कोण ओरडतंय रे जंगलातल्यासारखं?" आणि मी मांडीवरच्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. मान वर केली नाही. गाडी नदीच्या पुलावर गेली तरी मी पर्समध्येच बघत होते.

आबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मीही नाही. पुढे बोलता येईल असं वाटत राहिलं.

तर त्या वळणावर, बेचाळीस वर्षांची मी, सायकलची कापडं घालून, डोक्यावर हेल्मेट… मी आधी मागे-पुढे बघितलं, कुणी टुरिस्ट तर नाहीत ना म्हणून. म्हणजे तेव्हाही लाज वाटलीच, लपवत नाही. मग सायकल कातळाला टेकवली, कठड्यापाशी गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओ दिली. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, नुसती हवा. दुसऱ्यांदा आला. लांब, जमेल तेवढा लांब. रश्मी दचकून उभी राहिली.

"ताई, काय करतेस?"

मी हात वर करून तिला गप्प केलं.

आणि खालून आल्या. दोन. आखूड.

फार दुरून आलेल्या नव्हत्या. फार तर खालचं वळण. पहिली सपाट आणि दुसरीचा शेवट वर उचललेला.

"कोण आहे खाली?" रश्मी म्हणाली.

हे महत्त्वाचं आहे. तिलाही ऐकू आलं.

खालचं वळण तिथून दीडशे मीटर असेल. आम्ही दोघी एका मिनिटात तिथे होतो. कुणी नव्हतं. रस्ता स्वच्छ, दरड नाही, दगड नाही, कामं चालू नाहीत. कठड्यापलीकडे खाली उतरायला पायवाटही नाही, मला माहीत आहे, तिथला प्रत्येक फूट मला माहीत आहे. माणूस पळाला असता तर रस्त्यावरूनच पळाला असता. सायकलिंगच्या ॲपमध्ये नोंद आहे, त्या वळणावर मी तेवीस मिनिटं थांबले होते. त्या तेवीस मिनिटांत जर मी पुढे गेले असते तर माझ्यावर काही कोसळलं असतं का? नाही. मैत्रिणी मला हेच विचारतात, की काय टळलं? काही टळलं नाही. पांढरी गाडी सुखरूप गेली. वाचवण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

दहा वाजायच्या सुमारास वाडीत पोचलो. आई खळ्यात भात वाळत घालत होती.

"सायकलवर आलीस? पुण्यातनं?" आई म्हणाली. "आनि ह्या पोरीला पन आनलीस? हिच्या आयशीला ठावं हाय काय?"

रश्मी हसत म्हणाली, "नाही सांगितलं अजून."

"सांगू पन नको. च्या घे."

आबा ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत होते. दाढी वाढलेली. मी हातमोजे काढले आणि त्यांच्या पायाशी बसले. आईला विचारलं, "सकाळी नऊला आबा कुठे होते?"

"कुटं जातील? हितंच. ह्या खुर्चीत."

"झोपले होते?"

"नाय, जागेच होते. तू येनार म्हनून सांगितलं तसे पहाटंपासून घाटाकडं बघून बसलेत. च्या पन नीट घेतला नाय."

"काही आवाज केला का त्यांनी? हाळी वगैरे?"

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. "पानी मागायला येत नाय त्यांना. हाळी कुठली देतील गो?"

वाडीपासून ते वळण रस्त्याने सात किलोमीटर, सरळ रेषेत तीन तरी, आणि मध्ये डोंगराची सोंड. माणसाचा आवाज पोचत नाही. आबांचा चांगला होता तेव्हाही पोचत नसे.

मी आबांना सगळं सांगितलं. हाळीचं, मी ओ द्यायला विसरले त्याचं, मग दिली त्याचं. आणि एस.टी. स्टँडचंही सांगितलं. पर्समध्ये काही शोधत नव्हते, असंही सांगितलं. रश्मी समोर होती, आई समोर होती, तरी सांगितलं. आबा ऐकत होते. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, मैलकुल्याची पकड अजून त्या हातात आहे. तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मानेच्या शिरा दिसल्या, मग मीच म्हटलं, "असू दे आबा." ते रडले की हसले ते सांगता येत नाही, आता त्यांचा चेहरा दोन्हीला सारखाच होतो.

नंतर मी धाकूकाकांना फोन केला. ते गेली काही वर्षं नालासोपाऱ्याला मुलाकडे असतात. शंका अशी होती, की जुन्यांपैकी कुणी अजून घाटात ती रीत वापरत असेल.

"कोन वापरनार? आता पोरांकडं वॉकीटॉकी हाय," धाकूकाका म्हणाले. "आनि त्या तुकड्यावर तुझा बाबा नि मी, दोघंच होतो. तिसऱ्या कुनाला हाळी शिकवली असंल, तर ती तुलाच."

"मग ते कोण होतं काका?"

"तू ओ दिलीस ना?"

"दिली."

"उशिरा दिलीस."

"हो."

"दिलीस ना पन," ते म्हणाले आणि मग बराच वेळ मुंबईत पाणी कसं येत नाही ते सांगत राहिले.

रश्मीचं म्हणणं, कुणी गुराखी असेल, ताईचं ऐकून गंमत म्हणून ओरडला. असेलही. पण मी ओ द्यायच्या आधीची ती लांब हाळी कुणाची? ती फक्त मी ऐकलीय, तेव्हा ती भास धरू. मग नंतरच्या दोन आखूड आम्ही दोघींनी ऐकल्या, त्याचं काय? गुराख्याला दोनच का द्याव्याशा वाटल्या, आणि आखूड? आणि शेवट वर उचलायला त्याला कुणी शिकवलं? मी हे तीनदा तपासलं. आकडे जुळत नाहीत. सही करता येत नाही.

त्यानंतर तीनदा मी आंबेनळी उतरले. एकदा खास त्यासाठीच. प्रत्येक वेळी सतराच्या दगडानंतर फोनवर रेकॉर्डिंग चालू करते, आता ती चूक नको म्हणून. वानरांचे आवाज आहेत, ट्रकचे हॉर्न आहेत, माझी ओ आहे, आणि तिच्यानंतर शांतता. भीती वाटत नाही का, असं विचारतात. ज्या आवाजासाठी मी लग्नाच्या सीडीतली सनई शंभरदा ऐकली, त्याची भीती कशी वाटेल?

आता दर महिन्याला वाडीला जाते. आणि रविवारी फोन करते. आई फोन आबांच्या कानाला लावून भाताकडे निघून जाते. मी कंपनीतलं सांगते, मुलाचं सांगते, त्यांच्या घाटात कुठे मोरी तुंबली आहे तेही सांगते. पलीकडून श्वास ऐकू येतो. सांगण्यासारखं संपलं की मी लगेच फोन ठेवत नाही. फोन कानाला घट्ट लावून थोडा वेळ गप्प राहते.